चांगपिंगचा खड्डा : दंतकथा, हिशेब आणि हाडे

युद्धाच्या दंतकथेत सहसा दोनच माणसे शिल्लक राहतात. एक मूर्ख आणि एक क्रूर. उरलेले सगळे मरतात आणि मरताना त्यांचा आकडा होतो. प्राचीन चीनमधल्या चांगपिंगच्या लढाईची कथा हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. ही कथा चीनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिच्यावरून रूढ झालेला एक वाक्प्रचार तिथल्या रोजच्या बोलण्यात आहे : ‘कागदावर लढाईच्या गप्पा मारणे’. आपण ‘त्याचे पार पानिपत झाले’ असे म्हणतो, तेव्हा १७६१ साली त्या मैदानात कोण कोण मेले हे आपल्या मनातही येत नाही. तसेच ते आहे.

कथा थोडक्यात अशी. इ.स.पू. २६२ मध्ये पश्चिमेकडच्या बलाढ्य चिन राज्याने हान नावाच्या लहान राज्याचा शांगतांग हा डोंगरी मुलूख तोडला. (पुढे चारशे वर्षे राज्य केलेल्या हान घराण्याशी या राज्याची गल्लत करू नये.) तिथल्या सुभेदाराने आपली सतरा गावे चिनच्या हवाली न करता शेजारच्या झाओ राज्याला देऊ केली. झाओच्या राजाने ती घेतली आणि युद्ध ओढवून घेतले. झाओचा जाणता सेनापती ल्येन-पो तटबंदीआड ठाण मांडून बसला. राजाला ते भ्याडपणाचे वाटले. चिनच्या हेरांनी पैसा पेरून अफवा उठवली, की आम्हाला भीती आहे ती फक्त तरुण झाओ-क्वोची. राजा फसला. त्याने ल्येन-पोला काढून झाओ-क्वोला नेमले. हा बापाची युद्धशास्त्रावरची पुस्तके पाठ केलेला, पण लढाई न पाहिलेला. तिकडे चिनने गुपचूप बाय-ची या आपल्या सर्वांत भयंकर सेनापतीला पाठवले. झाओ-क्वो चालून गेला, कोंडला गेला. ४६ दिवस त्याच्या सैन्याला अन्न मिळाले नाही. माणसे माणसांना मारून खाऊ लागली. कोंडी फोडताना झाओ-क्वो बाणाने मेला. चार लाख शिपाई शरण आले आणि बाय-चीने दगा देऊन ते सगळे जिवंत पुरले. फक्त २४० कोवळी पोरे परत पाठवली, तीही झाओमध्ये दहशत पसरावी म्हणून.

या कथेवर गेली दोन हजार वर्षे तीन प्रश्न विचारले जातात. चूक कोणाची? आकडा खरा का? जिवंत पुरले की मारून पुरले? तीनही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आपण पाहणारच आहोत. पण चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि आमच्या मते तोच मुळातला आहे. माणसाचे डोके तोडून आणणे हा जिथे सरकारमान्य व्यवहार होता, त्या व्यवस्थेचे काय? दंतकथेने तिला कुठे लपवले?

१

प्रथम हे लिहिणारा कोण ते पाहू. चांगपिंगची तपशीलवार हकिकत आपल्याला मिळते ती सिमा-च्येनच्या ‘शि-ची’ या ग्रंथातून. तो इ.स.पू. ९१ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ १७० वर्षांनी. तोवर चिनची सत्ता जाऊन हान घराणे गादीवर आले होते. ज्याला उलथून आपण आलो तो किती निर्दय होता हे ठसणे नव्या सत्तेच्या सोयीचे होते. म्हणून अनेक अभ्यासक या हकिकतीकडे संशयाने पाहतात. संशय योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबणे आळशीपणाचे होईल.

कारण सिमा-च्येन हा केवळ दरबारचा कारकून नव्हता. त्याचा एक सेनापती शत्रूला शरण गेला म्हणून सारा दरबार त्या सेनापतीवर तुटून पडला असताना, एकटा सिमा-च्येन त्याच्या बाजूने बोलला. सम्राटाने इ.स.पू. ९८ च्या सुमारास त्याला लिंगच्छेदाची शिक्षा दिली. अशी शिक्षा झालेल्या माणसाने अब्रू राखण्यासाठी आत्महत्या करावी अशी त्या काळच्या प्रतिष्ठितांची अपेक्षा असे. त्याने ती मानली नाही. अपमान अंगावर घेऊन तो जगला आणि ग्रंथ पुरा केला. शरणागती म्हणजे काय आणि शरण आलेल्याचे पुढे काय होते, हे ज्याच्या देहावर कोरले गेले होते अशा माणसाने चांगपिंगच्या शरणागतांची हकिकत लिहिली आहे. ती वाचताना हे विसरून चालणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. तिथे तो आपल्या घराण्याची वंशावळ देतो, आणि सरळ लिहून टाकतो की आपला एक पूर्वज सिमा-जिन हा बाय-चीच्या हाताखाली होता, चांगपिंगच्या सैन्याला पुरण्यात तो सामील होता, आणि पुढे बाय-चीबरोबरच त्यालाही मरणाची आज्ञा झाली.

म्हणजे ही कथा मारणाऱ्याच्या वंशजाने लिहिली आहे. जगाच्या वाङ्मयात पूर्वजांच्या पराक्रमाची बखर लिहिणारे उदंड आहेत. पूर्वजाच्या हातून घडलेले हत्याकांड आपल्या नावाखाली नोंदवणारे फार थोडे. ‘माझ्या आजोबा-पणजोबांनी केले असेल, त्याचा माझ्याशी काय संबंध?’ हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. सिमा-च्येन ते म्हणत नाही. म्हणून आमचे मत असे, की चांगपिंगला शरणागतांची कत्तल झाली ही गोष्ट नव्या सत्तेच्या प्रचारासाठी रचलेली नाही. ज्या घरात ती झाकून ठेवायला कारण होते, त्याच घरातून ती बाहेर आली आहे.

२

आता आकडा. सिमा-च्येनच्या हिशेबाने झाओची आधीची आणि नंतरची मिळून साडेचार लाख माणसे मेली. बाराव्या शतकातला थोर चिनी विचारवंत झू-शी याने यावर साधी शंका घेतली होती : लढाईत मुरलेले चार लाख शिपाई हात बांधून मुकाट मरणाला कसे तयार होतील? शंका बिनतोड आहे. आपण आणखी एक साधा हिशेब करू. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले, तरी चार लाखांना रोज दोन हजार क्विंटल धान्य लागते. डोंगरी वाटेने, बैलगाड्यांवर, महिनोन्‌महिने. गाडीवान आणि बैलही खाणारच, ते वेगळेच.

ग्रंथातच आकड्याविरुद्ध साक्षी सापडतात. कत्तलीनंतर लगेच चिनने झाओच्या राजधानीला, हानदानला, वेढा घातला. इ.स.पू. २५९ ते २५७ हे शहर झुंजले आणि बाहेरून मदत आल्यावर वेढा उठला. पुढे इ.स.पू. २५१ मध्ये शेजारच्या येन राज्याच्या मंत्र्याने आपल्या राजाला सल्ला दिला, की झाओचे कर्ते पुरुष चांगपिंगला संपले, त्यांची पोरकी पोरे अजून हाताशी आली नाहीत, तेव्हा हल्ला करायला हीच वेळ. येनने हल्ला केला. म्हाताऱ्या ल्येन-पोने झाओच्या सैन्यानिशी त्याचा धुव्वा उडवला. या एका प्रसंगातून दोन्ही गोष्टी कळतात. नऊ वर्षांनंतरही शेजाऱ्यांच्या मनात चांगपिंग म्हणजे बापांची एक पिढी गेल्याची खूण होती. आणि ती पिढी साफ संपली नव्हती, हेही तितकेच खरे.

मग चार लाखांचा आकडा आला कुठून? इथेच दंतकथेच्या मागचे खरे यंत्र दिसू लागते. इ.स.पू. ३५६ पासून शांग-यांग या मंत्र्याने चिन राज्याची नव्याने घडी बसवली. त्या घडीत शिपायाची बढती जन्मावर अवलंबून नव्हती. शत्रूच्या डोक्यावर होती. एक डोके आणले की एक दर्जा. दर्जाबरोबर जमीन आणि घराला जागा. जन्माने मिळणारा मोठेपणा या राज्याने मोडून काढला, ही गोष्ट वरवर पाहता आपल्याला आवडावी अशी. पण त्या जागी काय आणले? गरिबाला वर चढायला शिडी दिली, आणि शिडीची प्रत्येक पायरी दुसऱ्या गरिबाच्या मुंडक्याची केली. जन्मजात उच्चनीचतेचा नाश म्हणजे आपोआप समता नव्हे, हे इथे डोळ्यांनी दिसते.

ही केवळ शत्रूंनी केलेली बदनामी नाही. डिसेंबर १९७५ मध्ये हुबेई प्रांतात युनमंग इथे चिन राज्याच्या एका खालच्या अधिकाऱ्याची कबर सापडली. त्याचे नाव शी. त्याच्या देहाभोवती बांबूच्या ११०० हून अधिक लिखित पट्ट्या होत्या : कायदे, चौकशीचे नमुने, नोंदी. त्यात मुंडक्यावरून झालेल्या भांडणाची प्रकरणे आहेत. लढाईत एका शिपायाने दुसऱ्याला जखमी करून त्याने मिळवलेले मुंडके हिसकावण्याचा प्रयत्न केला. दोघांना, आणि त्या मुंडक्यालाही, अधिकाऱ्यापुढे हजर केले गेले. मग मुंडक्याची तपासणी. जखम कशी आहे, केस कसे आहेत. ज्यांचे साथीदार परतले नाहीत त्यांनी येऊन हे डोके ओळखावे, अशीही व्यवस्था. म्हणजे बढतीसाठी आपल्याच माणसाचे डोके कापून आणले जाण्याची शक्यता सरकारला ठाऊक होती.

जिथे डोके हे चलन आहे तिथे हिशेब फुगणारच. शिपाई फुगवणार, त्याचा नायक फुगवणार, सेनापती फुगवणार, आणि राजाला तो आकडा हवाच असणार. बाय-चीच्या नावावर इ.स.पू. २९३ च्या एका लढाईत २ लाख ४० हजार डोकी लिहिलेली आहेत. डर्क बॉड या अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज इतिहासाच्या पहिल्या खंडात अशा नोंदींची बेरीज केली. इ.स.पू. ३६४ ते २३४ या काळात चिनने मारलेल्या वा पकडलेल्या शत्रूंचा आकडा जवळजवळ पंधरा लाखांवर जातो, आणि तो विश्वास ठेवण्याजोगा नाही असे त्याने दाखवले. आम्ही इतकेच जोडतो : आकडा खोटा असला तरी तो फुकाचा नाही. कोणत्या राज्यात माणूस कसा मोजला जात होता, याचा तो पुरावा आहे.

त्याच शीच्या कबरीत वर्षावर्षांची एक टिपणवहीही मिळाली. तीत इ.स.पू. २६० च्या वर्षापुढे एवढेच आहे, की चांगपिंगवर हल्ला झाला, आणि अकराव्या महिन्यात घरात एक मूल जन्मले. चार लाख नाहीत, दगा नाही, खड्डा नाही. व्यवस्थेच्या आतल्या माणसाच्या घरात चांगपिंग ही वर्षाची खूण होती, बाळाच्या जन्माशेजारी लिहिलेली. आम्हाला ही ओळ दंतकथेतल्या कुठल्याही वर्णनापेक्षा अधिक भेसूर वाटते.

३

आता हाडे. १९९५ साली गाओपिंगजवळच्या युंगलू गावात एका शेतकऱ्याच्या जमिनीत हाडांचा साठा लागला. त्या भागात नांगराला हाड लागणे नवे नव्हते, पण या वेळी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले. पहिल्या खड्ड्यात सुमारे १३० माणसांचे अवशेष मिळाले. सगळे पुरुष, बहुतेक तिशीच्या आसपासचे. सोबत त्या काळची नाणी, ब्राँझच्या बाणांची टोके, कमरपट्ट्याचे आकडे. कवट्यांवर घाव होते, काही हाडांत बाणाची टोके रुतलेली होती, काही डोकी धडापासून वेगळी होती. देह कसेही, एकावर एक पडलेले.

निष्कर्ष असा, की या खड्ड्यातले बहुतेक लोक आधी मारले गेले आणि मग पुरले गेले. ‘जिवंत पुरले’ ही दंतकथेची सर्वांत प्रसिद्ध ओळ इथे टिकत नाही. खरे तर ती सिमा-च्येनच्या माथीही मारता येत नाही. त्याने वापरलेल्या चिनी शब्दाचा मूळ अर्थ खड्डा. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ ‘खड्ड्यात घालणे’ असा होतो. त्यात ‘जिवंत’ हा शब्द पुढच्या वाचकांनी भरला.

इथे एक सापळा आहे आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हाला अगत्याचे वाटते. चार लाख नव्हते, जिवंत पुरले नव्हते. म्हणजे सारेच कपोलकल्पित, असे म्हणणारा एक शहाणा वर्ग प्रत्येक देशात असतो. तो आकडा खोडून काढतो आणि त्याबरोबर गुन्हाही खोडून टाकतो. हे इतिहाससंशोधन नव्हे. परिसरात असे आणखीही खड्डे आढळले आहेत. एका खड्ड्यातल्या १३० माणसांवरून चार लाख सिद्ध होत नाहीत, आणि खोटेही ठरत नाहीत. पण १३० तर सिद्ध होतात. त्या तिशीतल्या शेतकऱ्यांना अंगावर होते तसे खड्ड्यात लोटले गेले, हे सिद्ध होते. अतिशयोक्ती वजा केल्यावर उरते ते शून्य नसते.

४

मग दोष कोणाचा? दंतकथा बोट दाखवते झाओ-क्वोकडे. पुस्तकी पंडित, कागदावरचा शूर. मौज अशी, की इ.स.पू. २६० मध्ये कागदच नव्हता! लिहीत ते बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पट्टीवर. कागद लिहिण्यासाठी सर्रास वापरात आला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर. ‘कागदावर लढाई’ हा वाक्प्रचार सिमा-च्येनच्या ग्रंथात नाही. फार पुढच्या काळाने तो झाओ-क्वोला चिकटवला. वाक्प्रचारातला एक शब्दच त्याच्या उशिराच्या जन्माचा दाखला देतो.

सिमा-च्येनच्या हकिकतीत झाओ-क्वोविरुद्धची सर्वांत मोठी साक्ष त्याच्या आईची आहे. या बाईचे नाव कुणी नोंदवलेले नाही. ती राजाला कळवते की माझ्या मुलाला नेमू नका. तिचा आक्षेप नीट वाचला पाहिजे. मुलाला अनुभव नाही असे ती म्हणत नाही. ती म्हणते, याचा बाप सेनापती असताना मिळालेली बक्षिसे शिपायांना वाटून टाकी. हा मिळालेले सोने घरी आणून ठेवतो आणि स्वस्तात घर-जमीन कुठे मिळेल ते बघत हिंडतो. म्हणजे तिच्या लेखी दोष पुस्तकांचा नव्हताच. दोष होता शिपायाच्या वाट्याचे खाण्याचा. दोन हजार वर्षे विद्वानांनी या कथेतून ‘केवळ पुस्तके वाचून भागत नाही’ असा बोध काढला. एका अनाम बाईने सांगितलेला बोध बाजूलाच पडला, कारण तो वरच्यांच्या तिजोरीपर्यंत जात होता.

आणि खरे पाहता झाओ-क्वो आला तेव्हा पेच पडलेलाच होता. झाओचे धान्य संपत आले होते. शेजारच्या राज्याकडे त्याने धान्य मागितले. ते मिळाले नाही. तटबंदीआड बसून राहणे म्हणजे उपासमार, बाहेर पडणे म्हणजे मार. ल्येन-पो असता तर जिंकला असता ही समजूत गोड आहे, पण रिकाम्या कोठारावर कुणाची हुशारी चालत नाही. उलट बाजूला चिनचा राजा स्वतः आघाडीजवळच्या मुलखात गेला, तिथल्या प्रजेला सरसकट एकेक दर्जा वाटला, आणि पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना झाओची रसद तोडायला पाठवले. पंधरा वर्षांची पोरे! इकडून सोडलेली २४० कोवळी पोरे दंतकथेला आठवतात. तिकडून जुंपलेली पोरे कुणाला आठवतात?

दुसरे बोट दंतकथा दाखवते बाय-चीकडे. तो राक्षस होता हे खरे धरून चालू. पण शरणागतांना मारण्यामागे त्याने दिलेले कारण थंड डोक्याचे आहे : यांच्यावर भरवसा नाही, हे पुन्हा उठतील. त्यात न बोललेले कारण आपण भरू शकतो. लाखो तोंडांना खायला कोण घालणार? आणि बाय-चीचे पुढे काय झाले? त्याने हानदानवर चालून जायला नकार दिला. नकाराची कारणे देताना तो कबूल करतो, की चांगपिंगला चिनचेही निम्म्याहून अधिक शिपाई मेले आणि देश रिकामा झाला आहे. राजाने त्याचे सगळे दर्जे काढून त्याला साधा शिपाई केले आणि इ.स.पू. २५७ मध्ये तलवार पाठवून मरायला लावले. मरताना तो म्हणाला, की शरण आलेल्यांना मी फसवून मारले, तेवढ्यासाठी मी मरणाला पात्र आहे.

वाचक इथे सुस्कारा सोडतो : देवाने न्याय केला. हीच दंतकथेची किमया. मूर्ख लढाईत मेला, क्रूर तलवारीने मेला, हिशेब मिटला. पण बाय-चीला राजाने मारले ते शरणागतांच्या खुनासाठी नव्हे. आणखी मारायला नकार दिला म्हणून! डोक्यामागे दर्जा देणारा कायदा तसाच राहिला. त्याच यंत्राने इ.स.पू. २२१ पर्यंत सहाही राज्ये गिळली. आणि चिनच्या निम्म्याहून अधिक मेलेल्या शिपायांचे काय? त्यांच्यावर दंतकथा नाही, वाक्प्रचार नाही, देऊळ नाही. जिंकलेल्यांचे मेलेले गरीब हे जगातले सर्वांत विसरलेले लोक.

५

गाओपिंगच्या लोकांनी मात्र आपल्या परीने आठवण ठेवली आहे. तिथे कवट्यांचे एक देऊळ आहे. आठव्या शतकातल्या थांग सम्राटाने शेतोशेती पसरलेली हाडे गोळा करून ते उभारले अशी परंपरा सांगते. आणि तिथे एक पदार्थ खातात. सोयाबीनचे पनीर निखाऱ्यावर भाजायचे, वर लसूण-आले घालून वाटलेला चोथा लावायचा. त्याला ‘बाय-चीचे मांस’ म्हणतात. भाजलेले पनीर म्हणजे त्याचे मांस आणि चोथा म्हणजे मेंदू. दोन हजार वर्षे लोक आपल्या मारेकऱ्याला भाजून खात आहेत, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते.

इथेही आपण डोळस राहिले पाहिजे. सोयाबीनचे पनीर चीनमध्ये लढाईच्या काळात होते असा पुरावा नाही. त्याचा लेखी उल्लेख थेट दहाव्या शतकात भेटतो. तेव्हा ही चाल लढाईच्या दुसऱ्या दिवसापासूनची नाही. शिवाय मेलेले शिपाई दूरच्या झाओ मुलखातून आलेले. गाओपिंगची माणसे त्यांची रक्ताची वारस असतीलच असे नाही. मग राग कसला? आमची समजूत अशी : ज्यांच्या नांगराला पिढ्यान्‌पिढ्या कुणाची तरी हाडे लागत राहिली, त्यांनी त्या हाडांना आपले मानले. नाते रक्ताचे नव्हते, मातीचे होते. लोकस्मृती तारखांच्या बाबतीत चुकते. बाजू निवडताना ती फारशी चुकत नाही. पण तीही बाय-ची या एका माणसापाशी थांबते. त्याला खाऊन झाले की राग शमतो आणि यंत्र तसेच राहते, ही तिची मर्यादा.

म्हणून शेवटी दोन पत्रांकडे वळतो. ती युनमंगलाच, दुसऱ्या एका कबरीत, १९७५-७६ च्या उत्खननात लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली मिळाली. काळ इ.स.पू. २२३ च्या सुमाराचा, चांगपिंगनंतर सदतीस वर्षांनी. लिहिणारे दोघे भाऊ, चिनच्या विजयी सैन्यातले साधे शिपाई. एकाचे नाव हेइ-फू, शब्दशः ‘काळा माणूस’. दुसऱ्याचे जिंग. चिनच्या सामान्य शिपायाने स्वतःहून घरी लिहिलेले हे शब्द आपल्यापर्यंत पोचले, ही मोठीच गोष्ट आहे.

जगज्जेत्या सैन्याचे हे शिपाई काय लिहितात? हेइ-फू आईला कळवतो, की उन्हाळ्याचे कपडे हवेत. गावाकडे कापड स्वस्त असेल तर शिवून पाठव, नसेल तर पैसे पाठव, मी इथे घेईन. जिंगने कुणाकडून उसने पैसे घेतले आहेत. घरून पैसे आले नाहीत तर आपण मेलोच असे तो लिहितो, आणि घाईचा शब्द तीनदा लिहितो. नवी नवरी घरी आहे. सरपणाला लांब जाऊ नये असेही तो घरी बजावतो. आणि दोघांची आणखी एक चौकशी आहे : दर्जा घरी आला का?

शेवटच्या प्रश्नात सगळे आहे. अंगावर कपडा नाही, खिशात पैसा नाही, आणि डोळे लागलेत ते दर्ज्याकडे. तो दर्जा कशाच्या बदल्यात मिळतो हे आपण पाहिले. युंगलूच्या खड्ड्यातला तिशीतला शेतकरी आणि आईकडे उन्हाळी सदरा मागणारा हेइ-फू एकमेकांचे वैरी नव्हते. एकाचे डोके ही दुसऱ्याची जमीन, असा सौदा तिसऱ्याच कुणी ठरवला होता. चांगपिंगचे ऐतिहासिक सत्य आमच्या मते हे आहे. आकडा त्याहून लहान असेल, मरण जिवंत पुरण्याचे नसेल, झाओ-क्वो वाटतो तितका मूर्ख नसेल आणि बाय-ची एकटाच राक्षस नसेल. यातले काहीही बदलले तरी तो सौदा बदलत नाही.

दंतकथा आपल्याला मूर्ख आणि क्रूर यांची नावे पाठ करायला लावते. आपण नावे पाठ करावीत ती हेइ-फू आणि जिंग यांची. आणि कुठलीही शौर्यगाथा हातात आली की विचारावे : यात दर्जा कुणाला मिळाला, आणि त्याची किंमत कुणाच्या डोक्याने भरली?